चेष्टा

रविवारी दुपारी अडीचला वॉशिंग्टनहून फोन आला. तेव्हा माझे जावई, तीर्थराज, खाली बेसमेंटमध्ये माझ्या नातीला, वीणाला, कॅरम शिकवत होते. फोन माझ्या सुनेनं, सुमेधानं, घेतला आणि जिन्यातून हाक मारली. जावई धावत वर आले, रिसीव्हर कानाला लावला आणि पुढची दहा मिनिटं "हजुर, हजुर" यापलीकडे शब्द नाही. साहेबाशी बोलताना माणूस उभ्या जागी कसा आखडत जातो ते मी जन्मभर पाहिलंय. माझा नवरा मामलेदार कचेरीत कारकून होता. पण जावयाला तसं कधी पाहिलं नव्हतं. नेपाळच्या वकिलातीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, सूटबूट घालणारा, आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ लावून उभा.

फोन ठेवून ते म्हणाले, "आई, चहा नको."

मी चहा विचारलाच नव्हता.

मग हळूहळू सगळे जेवणाच्या टेबलाभोवती जमले. माझा मुलगा उल्हास पेपर टाकून आला. माझी मुलगी मृणालिनी केस विंचरता विंचरता अर्ध्या वेणीनं आली. जावयांनी जे सांगितलं ते असं. काल दुपारी त्यांनी याच टेबलावर बसून काठमांडूला पाठवायचं एक टिपण लिहिलं होतं. खाजगी, सरकारी. मोठ्या साहेबांखेरीज कुणी बघायचं नाही असं. आणि आज सकाळी दिल्लीच्या कुठल्याशा वर्तमानपत्राच्या माणसानं मोठ्या साहेबांना घरी फोन करून विचारलं, की तुमच्या माणसानं शिकागोत बसून कागद लिहिलाय, त्यात भारताची टिंगल केलीय म्हणे, तुमचं काय म्हणणं?

"टिंगल," जावई म्हणाले. "मी तसं एक अक्षर लिहिलेलं नाही. पण कागद लिहिला होता हे त्याला कळलं कसं? इथं लिहिला हे कसं कळलं?"

मी तुरीची डाळ निवडत बसले होते. माझा हात परातीत थांबला. टिंगल म्हणजे चेष्टा. आणि चेष्टा हा शब्द त्या कागदात होता. मी वाचला होता.

मी गप्प बसले. मी, जिला गप्प बस म्हणायची माझ्या सासूचीही छाती झाली नाही.

साहेबांचा हुकूम होता, संध्याकाळी सातच्या विमानानं कागद घेऊन परत या. आणि तिथून पुढे काठमांडू. पुढे काय ते विचारायचं नाही.

आता आदल्या दिवशीचं सांगायला हवं. पाडवा आठवड्यातच येऊन गेला होता, पण इथं आपले सण शनिवारची वाट बघतात. शिकागोजवळच्या या नेपरव्हिलमध्ये एप्रिल लागला तरी मागच्या अंगणात काळपट बर्फाचे ढीग होते. उल्हासनं डेकच्या कठड्याला गुढी बांधली, आणि वाऱ्यानं तांब्या दोनदा खाली आला. मी म्हटलं, लक्षण चांगलं नाही. सुमेधा म्हणाली, आई, गाठ नीट बसली नव्हती. तिचं माझं असंच चालतं.

जेवणाच्या वेळी विषय निघायचा तो निघालाच. एकोणनव्वदच्या त्या मार्चमध्ये भारत आणि नेपाळचा व्यापाराचा करार संपला, दिल्लीनं तो पुन्हा केला नाही, आणि दोन सोडून सरहद्दीवरचे सगळे नाके बंद केले. नेपाळनं चीनकडून तोफा घेतल्या म्हणून राग. हे मला टीव्हीवरून कळलेलं नाही, टीव्हीवर असल्या देशांचं नावही घेत नाहीत. जावयांच्या तोंडून कळलं. काठमांडूत रॉकेल नाही, त्यांची ऐंशीची आई रांगेत डबा ठेवून घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी रांग कुठवर आली ते बघायला येते.

उल्हासनं श्रीखंड वाढून घेतलं आणि हसत हसत म्हणाला, "काय करणार तीर्थराज, नाक दाबलं की तोंड उघडतं."

म्हण माझी. लहानपणी एरंडेल पाजताना त्याचं नाक दाबून मीच म्हणायची. पण पानावर ती तशी पडली की सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. मृणालिनीनं भावाकडे असं पाहिलं की मी त्याच्या जागी असते तर उठून गेले असते.

जावई शांतपणे बोलले. पुण्यात लॉ कॉलेजला होते, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. म्हणाले, "दादा, आमच्या घराला दोन दारं. उत्तरेचं दार उघडलं तर बाहेर बर्फ आणि वीस दिवसांची वाट. दक्षिणेचं तुमच्या अंगणात उघडतं. त्या दाराला तुम्ही बाहेरून कडी घातलीत, आणि आता विचारताय की उत्तरेच्या दारात का उभे होतात."

"मग उभं राहायचंच कशाला?" उल्हास म्हणाला.

"एकाच शेजाऱ्याच्या मर्जीवर राहिलं की शेजारी मालक होतो."

वीणानं विचारलं, "सो व्हॉट डू यू डू, काका?" ती सतरा वर्षांची, मराठी कळतं पण जीभ वळत नाही.

"काही नाही," जावई म्हणाले. "दोघांशी गोड बोलतो. दोघांनाही आम्ही खोटं बोलतोय असं वाटतं."

जेवण झाल्यावर त्यांनी टेबल पुसून घेतलं आणि पिवळ्या कागदांच्या वहीवर लिहायला बसले. तासाभरानं मृणालिनी म्हणाली, मला बाहेरची हवा हवी आहे. दोघं कोट चढवून नदीकाठच्या रस्त्यानं फिरायला गेले. वही टेबलावर राहिली. आपल्या माणसांचं घर म्हणून राहिली.

उल्हास वर झोपला होता, आणि तेवढ्यात श्रीराम देवस्थळी आणि त्यांची बायको शरयू पाडव्याचं भेटायला आले. श्रीराम म्हणजे मराठी मंडळाचे सगळे कार्यक्रम आपल्या खांद्यावर आहेत असं समजणारा माणूस. शरयू सोफ्यावर बसली, इकडेतिकडे पाहिलं, आणि लाडिक आवाजात म्हणाली, "काकूंचा वेळ कसा जातो हो? ना बोलायला कुणी, ना वाचायला काही. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा बिचाऱ्या टीव्हीतली नुसती चित्रं बघायच्या."

बिचाऱ्या. हा शब्द मला कुणी लावलेला चालत नाही. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण बोट ठेवून का होईना, पोथी वाचते. या घरात आल्यापासून अक्षरांची भुकेली आहे मी. मसाल्याच्या पुडीवरचं देवनागरी चारचारदा वाचते. आणि समोर टेबलावर पानभर ताजी, हातानं लिहिलेली, आपली अक्षरं.

म्हटलं, "वाचायला काही नाही कसं? जावयांचं लिखाण वाचते की."

श्रीराम म्हणाले, "अरे वा. काय लिहितात?"

सुमेधा चहाचा ट्रे घेऊन दारात होती. तिनं "आई" म्हटलं, पण मी वही हातात घेतली होती. शब्द आपलेच, शेपट्या निराळ्या. मी मोठ्यानं वाचलं. "भारतसँगको सम्बन्ध सुधार्ने चेष्टा जारी राख्नुपर्छ." पुन्हा वाचलं, या वेळी अडखळले नाही. श्रीरामांना काही कळलं नाही, म्हणाले, याचा अर्थ काय काकू? शरयू बघत होती. मग मीही ऐटीत अर्थ सांगितला. भारत, संबंध, सुधारणं, चेष्टा. आणि शेवटी राख.

"अहो, संबंध सुधारायच्या गोष्टीची चेष्टा केलीय," मी म्हटलं. "भारताची चेष्टा. आणि शेवटी म्हणतात, राख."

श्रीराम हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, असं लिहिलंय? वकिलातीतल्या माणसानं? त्यांचा भाचा दिल्लीच्या एका पेपराला बातम्या पाठवतो हे मला माहीत होतं. सगळ्या मंडळाला माहीत आहे, श्रीराम दुसरं सांगतात काय. पण माझं लक्ष शरयूच्या चेहऱ्याकडे होतं. ती गप्प झाली होती आणि मला त्यात सुख वाटत होतं.

तर रविवारी डाळीच्या परातीवर माझा हात थांबला तो यासाठी.

टेबलावरून सगळे उठल्यावर उल्हास जावयांबरोबर बेसमेंटमध्ये गेला. काय बोलणं झालं ते त्यानं मला पुढं सांगितलं. जावयांनी सरळ विचारलं होतं, दादा, तुम्ही कुणाशी बोललात का? उल्हासनं देवाची शपथ घेतली, आणि ती खरी होती. पण मग तो म्हणाला, मृणालला या वेळी नेऊ नका. तिथं चूल पेटायची पंचाईत, तुमची नोकरी राहते की जाते माहीत नाही, आणि तिच्याकडे भारताचा पासपोर्ट. तिथल्या लोकांनी तिला काय म्हणावं? इथं राहू दे सहा महिने. आम्ही आहोत.

उल्हासच्या मनात काय होतं ते त्यानं सांगायची गरज नाही, मी त्याची आई आहे. सतरा वर्षांपूर्वी बहिणीनं परदेशी मुलगा केला तेव्हा याला कुणी विचारलं नव्हतं. आता निदान तिच्या परत येण्याचा मान त्याला हवा होता.

माझी खोली खालच्या मजल्यावर, पाहुण्यांच्या खोलीच्या बरोबर खाली. या लाकडी घरांत हीटरची गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांमधून खोल्याखोल्यांत जाते, आणि हवेबरोबर बोलणंही येतं. मी कधी कान लावला नाही. त्या दिवशी जाळीपाशी खुर्ची ओढून बसले.

वर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग जावयांचा, अगदी हळू.

"मृणाल, तू दादांना काय सांगितलंस?"

तिनं हँगरवरून काहीतरी ओढून काढल्याचा आवाज आला.

"मी रागावणार नाही. मला नुसतं माहीत असायला हवं. ते मला विचारतील."

"काय विचारतील?"

"घरात कोण कोण असतं, हे विचारतील. आणि मला सांगावं लागेल की माझ्या घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक भारतीय आहे."

मग माझ्या मुलीचा आवाज आला, अनोळखी बाईचा वाटावा असा. "सतरा वर्षं तुमच्या वकिलातीत साडी नेसून उभी राहिले मी. तुमच्या राजाच्या वाढदिवसाला. सतरा वर्षांत आपल्याला मूल झालं नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, आपण दोघं पुरे आहोत. आता दोघांतलं एक भारतीय आहे होय?"

ते म्हणाले, "मग तू राहा इथं. दादाही तेच म्हणतात."

ती म्हणाली, "बरं."

नुसतं बरं. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. मुलगी इथं राहणार. माझ्या डोक्यावर, या जाळीच्या वर. मला पोळी लाटून वाढणार, मराठीत बोलणार. त्यासाठी मला काही करायचं नव्हतं. नुसतं बोलायचं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात आले. उल्हास सिंकपाशी पाणी पीत होता. मी त्याला सगळं सांगितलं, वहीचं, श्रीरामांचं, जाळीतून ऐकलेलं. तो पांढरा पडला. मग ग्लास विसळत म्हणाला, "आई, आता हे बोलून काय होणार? जावयासमोर तुझी मान खाली. श्रीरामशी माझं कायमचं वाकडं. आणि मृणाल त्यांच्यामागे जाईल त्या अंधारात. असू दे. काही गोष्टी आपोआप मिटतात."

मला त्याचं पटलं. आयुष्यात प्रथमच त्याचं इतकं पटकन पटलं.

सुमेधा फ्रीजपाशी उभी होती. तेवीस वर्षं ही बाई माझ्याशी मिठाइतकं बोलते, चवीपुरतं. तिनं फ्रीजचं दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मी तुम्हाला कधी काही सांगितलं नाही. आज सांगते. वर जा."

"सुमेधा, तू मध्ये पडू नकोस," उल्हास म्हणाला.

"मी मध्येच आहे. लग्न झाल्यापासून मध्येच आहे," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्याला वाटतंय तिनं दगा दिला. आणि तुम्ही दोघं तिला जवळ ठेवायचं म्हणून तसं वाटू देताय. मी तिच्या जागी असते आणि मला पुढं कधी कळलं असतं, तर मी तुमच्या अंत्यविधीलासुद्धा आले नसते."

उल्हास ओरडला, काय बोलतेस. मी त्याला हातानं थांबवलं. माझ्या सुनेनं माझ्यासमोर माझं मरण काढलं आणि मला राग आला नाही. ती काल दारात उभी राहून "आई" म्हणाली होती. मीच ऐकलं नव्हतं.

मी जिना चढले. माझे गुडघे आणि जिना यांचं बरं नाही, कठडा धरून चढले. वीणा तिच्या खोलीच्या दारात उभी होती, तिनं हात पुढं केला. मी घेतला नाही.

पाहुण्यांच्या खोलीत सामानाचे दोन ढीग होते. त्यांचे कपडे बॅगेत, तिचे पलंगावर.

"जावईबापू," मी म्हटलं, "तो कागद मी वाचला. आणि पाहुण्यांना वाचून दाखवला. मृणालिनीला यातलं काही माहीत नाही."

जावयांना आधी कळलंच नाही. म्हणाले, "तुम्ही? आई, तो नेपाळीत होता."

"अक्षरं आपलीच आहेत."

त्यांनी बॅगेतून पिवळी वही काढली आणि माझ्यासमोर धरली. शिकवणीच्या मास्तरासारखं म्हणाले, दाखवा कुठलं. मी बोट ठेवलं आणि वाचलं. मग अर्थ सांगितला, जसा काल सांगितला होता तसा. चेष्टा. राख.

तीर्थराज पलंगाच्या कडेवर बसले.

"आई, आमच्याकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न. संबंध सुधारण्याचा प्रयत्न चालू ठेवला पाहिजे, असं लिहिलंय. राख्नु म्हणजे ठेवणं." मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्यातले काही जण म्हणतात भारताला खडसावा, चीनकडे वळा. मी एकटाच लिहीत होतो की बोलणं तोडू नका. तेच पान होतं हे."

मी म्हटलं, "मग तसं सांगा साहेबांना. माझं नाव घ्या. म्हातारीनं वाचलं, तिला अर्थ कळला नाही, असं सांगा. फोनवर मी बोलते."

ते हसले. इतकं वाईट हसू मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. "दोन देशांची बोलणी अडलेली असताना मी सांगू, की माझ्या सासूबाईंना चेष्टा शब्दाचा अर्थ निराळा वाटला? कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवला तर जास्त वाईट."

मग ते बायकोकडे वळले. तिच्या नावानं हाक मारली. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. पलंगावरचे कपडे तिनं एकेक उचलले, घड्या मोडून पुन्हा घातल्या आणि त्यांच्या बॅगेत ठेवायला लागली.

"तू येतेस?" त्यांनी विचारलं.

"माझ्यावर संशय घेतलात ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण येते."

मी तिच्या जवळ गेले. म्हटलं, बाळा, चुकले. हा शब्द मी नवऱ्यापाशी, सासूपाशी, देवापाशीसुद्धा कधी उच्चारला नव्हता, त्यामुळे तो तोंडातून नीट आला की नाही कोण जाणे.

ती म्हणाली, "आई, तू खाली किती वेळ बसली होतीस?"

मी तिच्या साडीची घडी घालायला घेतली.

"फोन आला अडीचला. आता साडेचार वाजलेत," ती म्हणाली. "चूक पाच मिनिटांची होती. बाकीचे दोन तास काय होते?"

उल्हासनं त्यांना विमानतळावर सोडलं. निघताना जावयांनी मला वाकून नमस्कार केला, मृणालिनीनंही केला. तिचा हात माझ्या पायापर्यंत आला आणि टेकला नाही.

ऑगस्टमध्ये काठमांडूहून पत्र आलं. जावयांना नोकरीतून काढलं नाही, पण कुठल्याशा दप्तरखान्यात जुने कागद लावायला बसवलं, असं उल्हासकडून कळलं. पाकिटावर तिचं अक्षर होतं. मी वीणाच्या आधी दारातल्या पेटीपर्यंत गेले, तिथंच उन्हात फोडलं, चष्मा लावला.

सबंध पत्र इंग्रजीत होतं. सतरा वर्षं ती मला मराठीत लिहायची, मोठ्या मोठ्या अक्षरांत, जोडाक्षरं सुटी करून, मला वाचता यावं म्हणून.

वीणानं वाचलं आणि तुटक्या मराठीत सांगितलं. रॉकेल अजून मिळत नाही, भुशाच्या शेगडीवर स्वयंपाक करतात, सासूबाई खोकतात, डोंगरावरची झाडं तोडून लोक सरपण विकतात. बोलणी चालू आहेत म्हणतात, कधी संपतील माहीत नाही.

मी विचारलं, माझं काय लिहिलंय?

वीणानं पान उलटलं. मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"शी आस्क्स अबाउट एव्हरीवन, आजी," ती म्हणाली.